षष्ठीचा प्रत्यय

कचऱ्याच्या पिशव्यांच्या ढिगावर एक मुलगी टाकून दिलेली आहे. अंगाला पांढऱ्या पट्ट्या गुंडाळलेल्या, फिकट सोनेरी केस थेट जमिनीपर्यंत, कानांच्या जागी डब्यांसारखं काहीतरी. रात्रीचं तोक्यो. कामावरून खोलीकडे निघालेला एक पोरगा थबकतो, इकडेतिकडे बघतो आणि तिला पाठुंगळी मारून घरी आणतो. तिच्यापाशी पडलेली एक चकती तिथंच कचऱ्यात राहून जाते, ते त्याच्या लक्षातही येत नाही. घरी आल्यावर तिला चालू करायचं बटण काही केल्या सापडत नाही. शेवटी ते जिथं सापडतं ती जागा सांगायला मला आज, दोन लेकरांचा बाप झाल्यावर, संकोच वाटतो. ती डोळे उघडते आणि म्हणते, ‘ची’. तो काय काय विचारतो. प्रत्येक प्रश्नाला तिचं एकच उत्तर, ‘ची’. मग तो तिचं नावच ची ठेवतो.

‘चोबित्स’ या जपानी ॲनिमेची ही सुरुवात. मी ती पाहिली २००५ च्या पावसाळ्यात, देहूरोड बाजारातल्या एका सायबर कॅफेत. तासाला वीस रुपये, कोपऱ्यातला पडद्याआडचा संगणक, मार्करने आकडे घातलेल्या सीड्या, एका सीडीत तीन भाग. सीड्या माझ्या मित्राच्या. तो घरी तमिळ बोलायचा, गल्लीत हिंदी आणि माझ्याशी मराठी. पात्रं जपानीत बोलायची, खाली इंग्रजी अक्षरं पळायची, आणि ती पळून जायच्या आत तो मला त्यांचा मराठी अर्थ तमिळ हेल काढून सांगायचा. इतक्या भाषांतून गाळून आलेली ही प्रेमकथा. देहूरोडमध्ये त्याचं कुणाला नवल वाटलं नसतं. इथल्या बाजारात एक किलो तांदूळ घेईपर्यंत चार भाषा कानावर पडतात.

देहूरोड म्हणजे देहू नव्हे, हे बाहेरच्यांना दरवेळी सांगावं लागतं. देहू तुकोबांचं, इंद्रायणीकाठचं, पाच-सहा किलोमीटर आत. देहूरोड म्हणजे लोकल थांबते ते स्टेशन, जुना मुंबई-पुणे रस्ता, लष्कराची छावणी, दारूगोळ्याचा कारखाना आणि डेपो. माझे वडील, अण्णा, डेपोत होते. तिथं ते नेमकं काय करतात हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. भोंगा वाजला की सायकल निघायची, भोंगा वाजला की परत यायची. मधले आठ तास सरकारचे. लहानपणी मी वाचायला शिकलो ते पुस्तकांइतकंच पाट्यांवरून. ही जागा संरक्षण खात्याची, ही हद्द छावणीची, ती भिंत कारखान्याची. आत जायला मनाई, फोटो काढायला मनाई. कुठलीही मोकळी जागा दिसली की ती कुणाची तरी असणार हे आमच्या अंगवळणी पडलं होतं.

म्हणून असेल कदाचित, पण त्या मुलीचं नाव ऐकून मित्र हसला नाही आणि मला मात्र हसू आलं. शाळेत बाईंनी चा, ची, चे घोकून घेतलं होतं. षष्ठीचा प्रत्यय. मराठीत ‘ची’ एकटी उभी राहत नाही, तिच्या आधी कुणीतरी लागतं. रामाची, शेजाऱ्याची, सरकारची. आणि इथं ही पोरगी नुसतीच ‘ची’ म्हणत बसलेली, आधीची जागा रिकामी ठेवून. जपानी लेखिकांच्या मनात मराठी व्याकरण असायचं काही कारण नाही. पण पुढं गोष्ट उलगडत गेली तसा मी हसायचा थांबलो. कारण सगळी गोष्ट त्या रिकाम्या जागेचीच निघाली. ‘फक्त माझं माणूस’ कोण, हे शोधण्यासाठीच या यंत्राला घडवलेलं आहे.

लेखिका असं मी म्हटलं ते चुकून नव्हे. ‘क्लॅम्प’ या नावानं चार बायका मिळून चित्रकथा करतात. २००० ते २००२ या काळात ‘चोबित्स’ कोदान्शाच्या ‘यंग मॅगझिन’ या पुरुषांसाठीच्या साप्ताहिकात क्रमशः आली, तिचे आठ खंड झाले. २००२ साली मॅडहाउस स्टुडिओनं मोरिओ आसाका यांच्या दिग्दर्शनाखाली तिची मालिका केली. त्या जगात संगणक माणसाच्या रूपात मिळतात. त्यांना ‘पर्सोकॉम’ म्हणतात. बहुतेक पर्सोकॉम देखण्या मुलीच असतात, हा योगायोग अर्थातच नाही. आपला नायक हिदेकी मोतोसुवा हा होक्काइदोच्या खेड्यातून आलेला, विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत आपटलेला पोरगा. अशा पोराला जपानीत ‘रोनिन’ म्हणतात. मूळ अर्थ, ज्याला धनी उरला नाही असा सामुराई. म्हणजे तोही कुणाचाच नाही. तो शिकवणीला जातो, संध्याकाळी एका खानावळवजा बारमध्ये राबतो, भाडं देताना त्याचा जीव जातो, आणि काचेपलीकडच्या पर्सोकॉमची किंमत वाचून तो पुढं चालू लागतो.

हिदेकीला आम्ही ओळखत होतो. तळवडे, रुपीनगर, चिखली इथं एका खोलीत सहा-सहा राहणारी लातूर, बीड, नांदेडकडची पोरं म्हणजे हिदेकीच. आयटीआय केलेली, कॉन्ट्रॅक्टवरची, मेसचा डबा दोघांत खाणारी. फरक इतकाच की आपल्याकडे कुणी अशी ची टाकून दिली असती, तर ती पाठुंगळी बसून कुणाच्या खोलीवर गेली नसती. ती कुदळवाडीला गेली असती. कुदळवाडी म्हणजे चिखलीजवळचं आमच्या पट्ट्याचं भंगाराचं कोठार. सगळ्या कारखान्यांतून निघालेलं लोखंड, तांबं, प्लास्टिक, पुठ्ठा, ड्रम तिथं जायचा आणि वजनावर तोलला जायचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेनं तिथली हजारो बांधकामं पाडली तेव्हा बुलडोझरमागून दिवसभर धूळ उठत होती. बातम्या बघताना माझ्या मनात काय यावं? कान नसलेली, केस जमिनीवर पसरलेली ती मुलगी. वीस वर्षांनी.

मी चाकणला लागलो तो २००६ मध्ये, डिप्लोमा झाल्यावर, ट्रेनी म्हणून. कंपनीची बस देहूवरून जायची. इंद्रायणीचा पूल, येलवाडी, खालुंब्रे, मग महाळुंगेची हद्द आणि पत्र्याच्या लांबच लांब शेड. तेव्हा तिथं अजून ज्वारी दिसायची. फोक्सवॅगनच्या कारखान्याचं उद्घाटन व्हायला अजून तीन वर्षं होती. आमच्या शॉपमध्ये स्पॉट वेल्डिंगला चार यंत्रमानव होते. यंत्रमानव म्हटल्यावर घरच्यांना हातपाय असलेला पत्र्याचा माणूस दिसायचा. आईनं पहिल्याच दिवशी विचारलं, “बोलतो का रे तो?” तो म्हणजे नुसता एक हात. जमिनीत बोल्टनं ठोकलेला, सहा सांध्यांचा, जपानहून आलेला पिवळा हात. कुंपणाआड उभा. आम्ही त्याला पिवळ्या म्हणायचो. चौघांपैकी मी ज्याच्यावर शिकलो तोच पिवळ्या, बाकीच्यांना नंबर होते.

रोबोला प्रोग्रॅम करतात असं बाहेरचे म्हणतात. शॉपवर आम्ही त्याला शिकवतो म्हणतो. हातात टीच पेंडंट घ्यायचा, त्याच्या कोपरापाशी उभं राहायचं आणि एकेक पॉइंट दाखवायचा. इथं ये. थोडा खाली. अजून अर्धा मिलिमीटर. हां, हे लक्षात ठेव. पेंडंटच्या मागल्या बाजूला एक बटण असतं, शॉपच्या भाषेत डेडमन. ते अर्धवट दाबून धरलं तरच हात हलतो. बोट सुटलं तर थांबतो. पण घाबरून घट्ट आवळलं तरीही थांबतो. ज्यानं केलं त्यानं माणसाचा स्वभाव ओळखून केलंय. भीतीनं माणूस एकतर हातातलं सोडून देतो नाहीतर गच्च आवळतो. सोडायचंही नाही आणि आवळायचंही नाही अशा मधल्या दाबावर बोट धरून ठेवायला मला पंधरा दिवस लागले. रात्री झोपेतही तर्जनी वाकलेली असायची.

‘रोबो’ हा शब्द कारेल चापेकच्या १९२० सालच्या नाटकातला. तो त्याला त्याच्या भावानं, योसेफनं सुचवला. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे वेठबिगार. हे मला कॉन्ट्रॅक्टवरच्या एका पोरानं मोबाइलवर वाचून दाखवलं आणि म्हणाला, “साहेब, म्हणजे रोबो आम्ही हाय का ह्यो?” त्या नाटकाच्या शेवटी माणसं जवळजवळ संपलेली असतात आणि दोन रोबो एकमेकांच्या प्रेमात पडतात. म्हणजे हा शब्द ज्या नाटकात जन्मला, त्यातच त्याचं प्रेमप्रकरणही आहे. जपान्यांनी ते नंतर मनावर घेतलं. तेझुकाचा ‘आतोमु’ घ्या, १९५२ चा. मुलगा अपघातात गेला म्हणून बापानं घडवलेला यंत्रमुलगा तो. किंवा २००१ चा ‘मेट्रोपोलिस’. त्यात केनइची नावाचा मुलगा तिमा नावाच्या यंत्रमुलीला वाचवू पाहतो आणि मनोरे कोसळताना मागं रे चार्ल्सचं गाणं लागतं. सगळं शहर ढासळल्यावर साधे कामकरी रोबो ढिगाऱ्यातून तिचे तुकडे वेचत असतात. तिथंही भंगारच. हा चित्रपट मी बायकोबरोबर पाहिला. ती अर्ध्यात झोपली.

दसऱ्याला आम्ही पिवळ्याची पूजा करायचो. ही गोष्ट पिंपरी-चिंचवड ते चाकण सगळीकडे चालते. लेथपासून रोबोपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ, पेढा. त्या दिवशी पिवळ्या मान खाली घालून होम पोझिशनला उभा. हार घालणार कुठं, त्याला गळाच नाही. आम्ही तो मनगटाला बांधायचो. पहिल्या वर्षी हार काढायचा राहिला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला लाइन सुरू केली आणि पिवळ्यानं नेहमीच्या झटक्यात हात फिरवला. पाकळ्या सगळ्या फिक्स्चरवर उधळल्या. एक पाकळी वेल्डिंगच्या दोन टोकांत सापडली. जळक्या झेंडूचा वास मी तेव्हा पहिल्यांदा घेतला. सुपरवायझर ओरडला, आम्ही हसलो, आणि सहा गाड्यांचे पॅनल डाग पडून बाजूला काढावे लागले.

आमच्याकडे कामावर आलेल्या जपानी इंजिनिअरला ती पूजा अजिबात विचित्र वाटली नाही. त्यांच्याकडे मोडलेल्या सुयांचंही श्राद्धासारखं काही करतात, सुया मऊ तोफूत टोचून ठेवतात, जन्मभर कडक कापडात घुसल्या म्हणून. सोनीनं १९९९ मध्ये ‘आयबो’ नावाचा यंत्रकुत्रा काढला. पुढं त्याची दुरुस्ती बंद केली, तेव्हा चिबा प्रांतातल्या इसुमी गावच्या कोफुकुजी या बौद्ध देवळात त्या बंद पडलेल्या कुत्र्यांसाठी २०१५ पासून प्रार्थना व्हायला लागल्या. रांगेत मांडलेले कुत्रे, प्रत्येकाच्या गळ्यात घरच्यांच्या नावाची चिठ्ठी. बघणाऱ्याला हसू येईल. पण चिठ्ठी म्हणजे काय? तोच प्रत्यय. अमक्याचा, तमक्यांचा.

आता माझी चूक. पिवळ्याच्या बुडाशी, एका झाकणाआड, चार सेल असतात. विजेरीत घालतो तसे साधे जाड सेल. मुख्य वीज गेली तरी आपला प्रत्येक सांधा कुठं आहे हे त्याला त्यांच्यावर आठवतं. ते ठरल्या मुदतीत बदलायचे आणि बदलताना वीज चालू ठेवायची. एका दिवाळीच्या शटडाउनमध्ये मी सावधगिरी म्हणून मेन बंद केला आणि जुने सेल काढले. चहा प्यायला गेलो. आलो, नवे घातले, मेन लावला. पिवळ्या हलेना. पडद्यावर लाल ओळी. त्याला शिकवलेलं सगळं जागेवर होतं, शेकडो पॉइंट, पण स्वतःचा हात कुठं आहे हेच तो विसरला होता. जग आठवतंय आणि शरीर आठवत नाही. त्याच्या सांध्यांवर बारीक खुणा कोरलेल्या असतात. रेघेला रेघ भिडवून त्याला पुन्हा सांगावं लागतं, हे तुझं शून्य. आम्ही दोघं रात्रभर बसलो. सकाळपर्यंत तो हलायला लागला, पण वेल्ड दोन-तीन मिलिमीटर बाजूला पडायचे. त्यातले कित्येक पॉइंट पुढं आठवडाभर मी हातानं दुरुस्त केले.

त्या रात्री मला ‘चोबित्स’मधला पाववाला आठवला. ची आणि हिदेकीपेक्षा मला तो जवळचा वाटतो. हिरोयासु उएदा. त्यानं आपल्या पर्सोकॉमशी रीतसर लग्न केलेलं असतं. पुढं तिची स्मृती बिघडायला लागते. आधी लहानसहान गोष्टी जातात, मग सकाळी सांगितलेलं दुपारी जातं. आतला भाग बदलला तर ती नीट चालेल, पण ती ‘ती’ राहणार नाही. तो बदलत नाही. विसरणारी बायको घेऊन दुकान चालवतो. शेवटी त्याला वाचवताना गाडीखाली येऊन ती मोडते. पुढं त्याच नावाची एक खरी मुलगी त्याच्या प्रेमात पडते आणि तिला कळत नाही की आपण स्वतः आहोत की त्या यंत्राची जागा भरायला आलोय. गोष्टीत या मुलीला न्याय मिळतो. घाईघाईनं, पण मिळतो.

माणूस आणि यंत्र यांची प्रेमकथा जपानची असं आपण म्हणतो खरं, पण ती आपल्याकडे फार आधी सांगून झालेली आहे. मूलसर्वास्तिवादी बौद्धांच्या विनयग्रंथात आणि मध्य आशियात सापडलेल्या तोखारी भाषेतल्या पुण्यवंत जातकात ती येते. मध्यदेशातला एक चित्रकार यवनांच्या देशात एका यंत्रकाराच्या घरी उतरतो. रात्री यजमान त्याच्या सेवेला एक तरुणी पाठवतो. ती काही न बोलता उभी. चित्रकार तिला जवळ बोलावतो, ती उत्तर देत नाही. त्याला वाटतं, यजमानानं हिला माझ्यासाठीच धाडलं. तो हात धरून ओढतो आणि ती खळखळ सुटून तुकड्यांचा ढीग होते. यंत्रच ते. चित्रकाराला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तो भिंतीवर स्वतःचं गळफास घेतलेलं चित्र इतकं हुबेहूब काढतो की सकाळी यंत्रकार राजाच्या माणसांना घेऊन दोर कापायला धावतो. तू मला एकांतात फजीत केलंस, मी तुला चारचौघांत केलं. फिटंफाट.

गोष्ट गमतीची आहे, पण तिच्यात प्रेमाला जागा नाही. दोन कारागिरांची कुस्ती आणि मध्ये एक बाई, तीही लाकडाची. त्या ढिगाचं पुढं काय झालं हे कुणी सांगत नाही. यंत्रकारानं तिला परत जुळवली का? तिला काही आठवत होतं का? तिथून ‘चोबित्स’पर्यंत यायला दीडएक हजार वर्षं लागली, आणि मधल्या काळात घडलेला फरक माझ्या मते एवढाच आहे की कुणीतरी त्या ढिगाकडे वळून पाहिलं.

ही जातककथा मला सांगितली देहूरोडच्याच एका निवृत्त शिक्षकांनी, पंचवीस डिसेंबरला, विहाराबाहेरच्या पुस्तकांच्या स्टॉलपाशी. १९५४ साली याच तारखेला बाबासाहेबांनी इथल्या विहारात रंगूनहून आलेली बुद्धमूर्ती स्थापन केली. दरवर्षी त्या दिवशी गर्दी लोटते. मी त्यांना विचारलं, “सर, दगडाच्या मूर्तीवर जीव लावणं आणि यंत्रावर जीव लावणं यात फरक काय?” ते म्हणाले, “मूर्तीकडून तू काही करून घेत नाहीस. तिच्याकडे बघून तू काही करतोस.” मग चष्मा पुसत त्यांनी जोडलं, “निदान तसं अपेक्षित आहे.”

बस रोज देहूवरून जायची म्हणून मला दुसरंही उत्तर सुचत राहायचं. वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्यावर तुकोबा शिळेवर तेरा दिवस उपाशी बसले असं सांगतात. तो विठोबाशी मांडलेला रुसवा होता. दगडावर माणूस रुसू शकतो का? रुसायला समोरचा उत्तर देईल ही खात्री लागते. न बोलणाऱ्यावर जीव लावणं आमच्या नदीकाठाला नवं नाही. फक्त तिथं बटण नव्हतं.

बटणाचं सांगायला हवं. ‘चोबित्स’ची निम्मी लांबी निव्वळ पाणचट आहे. चीला अंतर्वस्त्रं आणायला पाठवणं, हिदेकीचं लाजून लाल होणं, कॅमेऱ्याचं नको तिथं रेंगाळणं. एकविसाव्या वर्षी मला ते आवडलं होतं, हे कबूल. आता लेक वयात येत असताना ते तिच्यासमोर लावणार नाही. पण चार बायकांनी पुरुषांच्या साप्ताहिकात पुरुषांना हवं ते सगळं वाढलं आणि त्याच ताटात एक काटा ठेवला. मूळ चित्रकथेत चीचं बटण अशा जागी आहे की शरीरानं जवळ येऊ गेलं तर ती पुन्हा कोरी होते. हिदेकीला विसरते. एका बाजूला आज्ञाधारक, सुंदर, स्वतःचं काही नसलेली बायको, आणि दुसऱ्या बाजूला अट, की तिला तू आठवायला हवा असशील तर हात आवर. हिदेकी हात आवरतो. माझ्या मित्राला हा शेवट फसवणूक वाटला होता. मला नाही वाटला. तोवर मला डेडमन माहीत झाला होता.

बायकोचं मत वेगळं. लग्नानंतर कधीतरी मी तिला सगळी गोष्ट सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि भाजी निवडता निवडता म्हणाली, “ते सगळं ठीक आहे. पण तिला कुणाची तरी व्हायलाच का हवं?” मग मेथीची जुडी सोडत, “तुम्हाला बायको हवी होती का वॉशिंग मशीन, तेवढं आधी ठरवा.” प्रत्ययाचा माझा सगळा सिद्धान्त त्या मेथीबरोबर निवडला गेला.

त्या मालिकेत हिदेकीच्या शिकवणीत शिमिझु नावाच्या बाई आहेत. एका रात्री त्या त्याच्या दारात येऊन उभ्या राहतात. मोठी भानगड असणार असं आपल्याला वाटतं. भानगड एवढीच, की नवरा त्याच्या पर्सोकॉममध्ये इतका गुंतलाय की त्या घरी परतलेल्या नाहीत हे त्याच्या लक्षातच आलं नाही आणि त्यानं आतून कडी लावून घेतली. त्यानं मारलं नाही, हाकललं नाही, भांडलाही नाही. दार लावायची वेळ झाली, लावलं. एकविसाव्या वर्षी हा प्रसंग मी कंटाळून पुढं ढकलला होता. सीडी अडकायची, आम्हाला ची हवी होती.

परवा पाहिला तेव्हा थांबवून बसलो. कारण आदल्या महिन्यात असं झालं. बायको स्वयंपाकघरातून काही सांगत होती, मी हातातल्या मोबाइलवर एका बोलक्या प्रोग्रॅमला वेल्डिंग गनच्या टोकाबद्दल विचारत होतो. उत्तर फार छान देतो तो, कंटाळत नाही, दर वेळी आधी माझा प्रश्न चांगला आहे असं म्हणतो. मी तिला ‘हं’ म्हणालो. तिनं परत काही विचारलं, मी परत ‘हं’ म्हणालो. तीन दिवसांनी मी सहज विचारलं, “आईंचा रिपोर्ट कधी येणार आहे?” ती माझ्याकडे बघत राहिली. रिपोर्ट आला होता, काळजीचं काही नव्हतं, तळेगावला जाऊन ती आईला भेटूनही आली होती. हे सगळं तिनं मला त्या संध्याकाळी सांगितलं होतं, आणि मी त्यावर दोनदा होकार भरला होता. ची एका अक्षरापासून सुरू करून शब्द शिकत जाते. वस्तूंची नावं, मग क्रियापदं, मग आपल्याला काय वाटतं ते. मी लग्नाच्या पहिल्या वर्षी रात्री दोन-दोनपर्यंत बोलायचो. अठरा वर्षांत उलट्या दिशेनं चालत एका अक्षरावर येऊन पोचलो होतो.

पिवळ्या २०१९ मध्ये गेला. नवी लाइन आली, तिच्यासाठी नवे हात आले. आता तर कुंपणाशिवाय माणसाशेजारी उभे राहणारे कोबोटही चाकणला जुने झाले. बजाजच्या कारखान्यात ते २०१० पासून आहेत. पिवळ्याचा प्रोग्रॅम मी एका कार्डावर उतरवून घेतला. ते कार्ड कुठल्याच नव्या यंत्रात चालत नाही. ट्रकवर चढवताना त्याची मान खाली होती, कारण होम पोझिशन तशीच असते. वजनकाट्याची पावती मी पाहिली, एक टन आणि वर काही किलो.

जुने सेल घरी आणायची सवय मात्र राहिली. रोबोचे सेल पूर्ण संपायच्या आतच बदलतात, म्हणून त्यांत पुष्कळ जीव शिल्लक असतो. यंदाच्या शटडाउनला चार आणले. गेल्या गुरुवारी संध्याकाळी पाऊस झाला आणि वीज गेली. पोरं क्लासला होती, मोबाइल दोघांचेही उतरलेले. मी मोठ्या विजेरीत ते सेल घातले आणि उजेड छताकडे वळवून ठेवला. तिनं विचारलं, हे सेल कुठले. मी पिवळ्याचं सांगायला लागलो. शून्य, रेघेला रेघ, जळकी पाकळी. बराच वेळ सांगत होतो. ती गव्हातले खडे काढत होती आणि मधूनमधून ‘हं’ म्हणत होती. वीज पावणेनऊला आली.